कोड गिरणीवाल्या नानांकडे आहे

आमच्या धंद्यात दुरुस्तीला फार थोडा वेळ लागतो. बाकीचा वेळ दुरुस्ती होणार आहे, होत आली आहे किंवा होऊन गेली आहे, असं लोकांना सांगण्यात जातो. हे काम मी जळगावात बसून सत्तावीस वर्षं केलं. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राचा मी प्रमुख होतो. 'अधिकृत' आणि 'प्रमुख' हे शब्द पाटीवर होते म्हणून इथे लिहिले. प्रत्यक्षात केंद्र म्हणजे एका दुकानामागची खोली, दोन टेबलं, एक संगणक, झाकण उघडून ठेवलेल्या मशीनांची रांग आणि सुपडू नावाचा पंचेचाळिशीचा मेकॅनिक. जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे आमच्याकडे होते. म्हणजे रावेरपासून शिरपूरपर्यंत कुठेही काहीही बंद पडलं की शिव्या आमच्या पत्त्यावर येत.

लोकांना वाटतं की मेकॅनिक बिघाडाशी झुंजतो. मेकॅनिक झुंजतो तो घड्याळाशी. गिऱ्हाइकाने कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवली की आमच्या संगणकावर तिची एक ओळ उमटे आणि घड्याळ सुरू होई. आधी ओळ हिरवी, मग पिवळी. दोन दिवसांत दुरुस्ती झाली नाही की लाल. लाल ओळ दिसली की नाशिकहून विभागीय साहेबांचा फोन येई आणि ते इतक्या मृदू आवाजात बोलत की मी खुर्चीतून उठून उभा राही.

आता सुटा भाग कारखान्यातून यायला महिना लागणार आणि घड्याळ दोन दिवसांचं. मधल्या अठ्ठावीस दिवसांचं काय करायचं, हे ज्याला जमलं तो प्रमुख. कंपनीनेच त्याची सोय केली होती. घड्याळ थांबवण्यासाठी संगणकावर कारणांची एक यादी होती, त्यातलं एक निवडायचं. 'ग्राहकाने पुढची वेळ मागितली' हे एक. पण माझं आवडतं कारण होतं 'दरवाजाला कुलूप'. त्यात कुणाचाच दोष निघत नाही. मेकॅनिक गेला होता, ग्राहक बाहेर गेला होता, दार बिचारं गप्प होतं.

एका वर्षी शून्य प्रलंबित तक्रारींबद्दल नाशिकच्या हॉटेलात माझा सत्कार झाला. 'ग्राहक हाच देव' असा फलक होता. एसीच्या झोतात समई पेटेना, म्हणून विभागीय साहेबांनी एसी बंद करायला लावला, तर तो बंद होईना. तो आमच्याच कंपनीचा होता. मला शाल मिळाली. त्या वर्षीच्या नोंदी पाहिल्या तर निम्मा खानदेश घराला कुलूप लावून गावाला गेला होता असं दिसेल.

सगळीच गिऱ्हाइकं ऐकून घेत असं नाही. दोंडाईच्याला एक मारवाडी शेठजी होते, धान्याचे व्यापारी. त्यांचा फ्रीज पाच आठवडे बंद होता. ते चिडले नाहीत. त्यांनी आम्हाला नित्यक्रमात घेतलं. सकाळी दुकान उघडायचं, धूप दाखवायचा, गादीवर बसायचं आणि मुनीमजींना सांगायचं, 'जळगाव लावा.' मुनीमजी रोज सव्वानऊला तेच सांगत, 'राम राम साहेब. फ्रीज बठ्ठा बंद शे. शेठजी मजामा शेतस.' म्हणजे फ्रीज पूर्ण बंद आहे, शेठजी मजेत आहेत. एके दिवशी फोन आला नाही तर सुपडू अस्वस्थ झाला. म्हणाला, 'साहेब, शेठजींची तब्येत बरी असेल ना?' साडेदहाला आम्ही इकडून फोन केला.

पण मला सांगायचं आहे ते सावद्याच्या घरघंटीबद्दल.

घरघंटी म्हणजे घरात दळायची पिठाची गिरणी, लहान कपाटाएवढी. वरून धान्य टाकायचं, आत पोलादी पाती फिरतात, जाळीतून पीठ खाली डब्यात. वर्षभर हे यंत्र तक्रार करत नाही. मात्र दर वर्षी आखाजीच्या आधीच्या पंधरवड्यात, म्हणजे अक्षय्य तृतीया तोंडावर आली की, आमच्या दोन जिल्ह्यांत घरघंट्या पटापट बंद पडत. वीस, पंचवीस. महाराष्ट्रात इतरत्र एकही नाही.

कारण साऱ्या खानदेशाला ठाऊक होतं. आखाजीला लेकी माहेरी येतात आणि त्यांच्यासाठी खापरावरचे मांडे होतात. मांडा हातावर फिरवत परातीपेक्षा मोठा करून उपड्या खापरावर टाकायचा, तर पीठ रेशमासारखं लागतं. त्यासाठी गहू धुऊन ओलसर असतानाच दळतात. मोठ्या गिरणीला त्याचं काही वाटत नाही. घरघंटीच्या बंद पेटीत मात्र त्या ओल्या पिठाचा लगदा होतो, तो सुकतो, पाती अडकतात आणि मोटर नुसती हुंकार देते. कंपनीच्या पुस्तिकेत 'फक्त कोरडे धान्य वापरावे' असं ठळक छापलं होतं. पण ती पुस्तिका लिहिणाऱ्याच्या घरी लेक आखाजीला येत नसावी.

आता घोटाळा पाहा. खरं कारण लिहिलं तर तो 'गैरवापर', म्हणजे वॉरंटी संपली. वीस-पंचवीस बायकांच्या वॉरंट्या आपल्या हाताने बुडवायच्या, हे सुपडूला जमेना. त्याचीही आई मांडे करी. म्हणून तो फोनवर ऐकूनच 'मोटर निकामी' लिही. पेटी उघडावी तर तिच्यावर कंपनीचं कागदी सील. ते आम्ही तोडलं तरी वॉरंटी गेली. तेव्हा ज्या दुखण्याला अर्धा तास आणि एक छिन्नी पुरली असती, त्यासाठी आम्ही कारखान्यातून नवी मोटर मागवत असू. महिन्याने मोटर येई, तिच्यासोबत नवी पेटी येई आणि गाडं चालू होई. तोवर बायका कोपऱ्यावरच्या गिरणीत जात. कुणाचं काही अडत नसे.

कारखान्याला मात्र प्रश्न पडला की खानदेशातच आणि एप्रिल-मेमध्येच मोटरी का जळतात. त्यांनी समिती नेमली. समितीने विजेच्या दाबाला दोषी ठरवलं आणि आमच्याकडे 'व्होल्टेज तपासा' असे पाचशे स्टिकर आले. ते सुपडूने आपल्या मोटारसायकलीच्या फाटक्या सीटवर लावले.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका दुपारी, आखाजीला पाच दिवस असताना, सावद्याच्या इंदूअक्का केंद्रात आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, केळीवाल्या घरातल्या. एसटीने आल्या होत्या. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. त्यांनी पंख्याखालची खुर्ची ओढली, पाणी प्यायल्या आणि मोबाइल माझ्यापुढे धरला.

'भाऊ, हे वाचा बरं. मले चष्मा नाई.'

मी वाचलं. आमचे प्रतिनिधी आपल्या घरी आले असता दरवाजाला कुलूप आढळले. असे तीन निरोप होते, तीन वेगवेगळ्या तारखांचे.

'माह्या घराले कुलूप?' अक्का म्हणाल्या. 'लगन होऊन आली तवापासून त्या दारानं कुलूप पाह्यलं नाई. दारात म्हैस बांधेल हाये, अंगनात आठ मानसं केयीची गाडी भरू राह्यले. एवढ्या मानसाईतून तुमचा मानूस आला अन् कुलूप पाहून गेला? कोन्हं लावलं व्हतं हे कुलूप?'

मीच लावलं होतं, जळगावात बसून. पण तसं म्हणता येईना. सुपडू एका पंख्याच्या मोटारीत डोकं घालून बसला.

'अक्का, मोटर मागवली आहे,' मी म्हणालो. 'आखाजी झाली की आठवड्याभरात येईल. तोवर गावातल्या गिरणीत दळून आणा.'

अक्का उठून उभ्या राहिल्या. मग पुन्हा बसल्या आणि त्यांनी जे सांगितलं त्यावरून मला कळलं की ही मोटरीची तक्रार नाही.

त्यांच्या घरासमोरच नामदेवनानांची गिरणी. दोन वर्षांपूर्वी अक्कांनी मांड्याचे गहू तिथेच दिले होते. त्या आखाजीला लेकीबरोबर तिची सासूही आली. विहीणबाईंच्या देखत खापरावर पहिला मांडा फाटला, दुसरा फाटला, तिसऱ्याच्या चिंध्या झाल्या. विहीणबाई म्हणाल्या, 'असू द्या, आमच्याकडे पोळ्याच करता.' अक्कांना तोंड दाखवायला जागा राहिली नाही. त्या तशाच पिठाच्या हातांनी गिरणीपुढे गेल्या आणि भर गल्लीत म्हणाल्या की नानांनी आधीच्या गिऱ्हाइकाचा मका झाडला नाही, तो माझ्या पिठात आला, आणि पुन्हा या गिरणीची पायरी चढले तर नावाची इंदू नाही. दुसऱ्याच आठवड्यात घरघंटी आली. मागच्या वर्षी लेकीचं बाळंतपण होतं, आखाजी तिच्या सासरीच झाली. यंदा लेक येणार, जावई येणार आणि विहीणबाईही येणार होत्या.

'गावात दुसरी गिरणी नाही का?' मी विचारलं.

'हाये. ते मिरची दयते. इहीनबाईले लाल मांडे वाढू?'

यादीतल्या एकाही कारणात हे बसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुपडूला घेऊन मी सावद्याला गेलो. प्रमुखाने स्वतः जावं अशी पद्धत नव्हती, पण तीन कुलपं माझ्या नावावर होती. अक्कांचं दार सताड उघडं होतं. म्हैस होती, केळीची गाडी होती आणि समोर गिरणीच्या पायरीवर सत्तरीचे, भुवयांवर पीठ बसलेले नामदेवनाना होते. आम्हाला पाहताच त्यांनी हाक दिली.

'काय अक्का, आली का मोटर?'

'तुमी तुमचं दया, नाना!' आतून उत्तर आलं.

माझा बेत असा होता की नानांना गुपचूप गाठावं आणि अक्कांचे गहू मी माझे म्हणून दळून न्यावेत. मी गिरणीत गेलो. नानांनी पट्टा न थांबवता ऐकून घेतलं.

'दयून देतो,' ते म्हणाले. 'पन अक्काचा डबा साऱ्या गल्लीले ठावा हाये. तुमी डोक्यावर घेऊन निंघाले की पोट्टे वाजत-गाजत मांगे येतीन.' मग त्यांनी सुपडूकडे पाहिलं. 'मोटर जयली म्हन्ता. वास आला व्हता का?'

सुपडू छताकडे पाहू लागला.

'मोटर जयली त घरभर वास येते. वले गहू टाकेल असतीन तिनं. आत लगदा झाला असीन.' त्यांनी पट्टा थांबवला. 'साऱ्या गावाले ठावं हाये. फक्त तुमच्या कंपनीले ठावं नाई.'

'तुम्हाला काढता येईल?'

'चाळीस वर्स जात्याच्या दगडाले टाकी लावू राह्यलो. हे त डबडं. अर्ध्या घंट्यात काढीन. पन अक्का मले दारात उभं करीन का?'

मी रस्ता ओलांडून अक्कांकडे गेलो. ज्या माणसामुळे हे यंत्र घेतलं त्यालाच ते दुरुस्त करायला बोलावणं कसं सुचवावं, हे कंपनीच्या कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं. सुचवलं. अक्कांनी पदर खोचला.

'मी काय म्हनली व्हती? त्याच्या पायरीवर मी चढनार नाई. त्यानं माह्या पायरीवर चढू नाई, असं म्हनली व्हती का मी?'

'नाही,' मी म्हणालो.

'मंग?'

नाना आले. जात्याच्या दगडांना ठोके द्यायची टाकी आणि एक लहान हातोडी, एवढंच घेऊन आले. त्यांनी सीलला टाकी लावली तेव्हा मी आणि सुपडू अंगणात केळीची गाडी एका बाजूला किती कलली आहे हे पाहत होतो. कंपनीचे दोन्ही प्रतिनिधी तिथे हजर होते आणि दोघांनाही काही दिसलं नाही.

पंचवीस मिनिटांनी नानांनी हाक मारली. त्यांच्या तळहातावर विटेच्या तुकड्याएवढा घट्ट, पिवळट गोळा होता.

'पाहा. मांडा आतमंदीच झाला व्हता.'

बटण दाबलं. घरघंटी सुरू झाली. अक्कांनी हात जोडले ते घरघंटीला. नाना म्हणाले, 'वलं दयून झालं की मूठभर कोल्ली, सुकी ज्वारी टाकत जा. पेटी धुतल्यावानी साफ होते.'

'हे कंपनीनं कायले सांगितलं नाई?'

'कंपनीले आखाजी ठावी नाई. अन् अजून एक. त्या वर्सी माह्या गिरनीत मका नव्हता. तुमीच कनकीत पानी जास्त घातलं व्हतं.'

'पानी? मी?' अक्का म्हणाल्या. 'मायच्या हाताखाली शिकेल हाये मी! पानी जास्त म्हन्ता!'

भांडण दोन वर्षांनी होतं तिथून सुरू झालं. मी मात्र समाधानात होतो. काम झालं होतं आणि ओळ बंद करता येणार होती. इथे धंद्यातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी. अलीकडे आम्ही आपल्या मनाने तक्रार बंद करू शकत नसू. कंपनी गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चार आकडी कोड पाठवी. त्याचं नाव हॅपी कोड. गिऱ्हाईक सुखी झालं की त्याने तो कोड मेकॅनिकला द्यायचा, मेकॅनिकने संगणकात भरायचा. व्यवहारात सुपडू दारातच 'कोड द्या म्हणजे मोटर लवकर येते' असं सांगून तो घेई आणि माणूस दुःखी असतानाच आमच्या लेखी सुखी होई.

'अक्का, तेवढा कोड सांगा,' मी म्हणालो.

'कशाचा?'

'यंत्र दुरुस्त करणाऱ्याला द्यायचा असतो तो.'

हे वाक्य मी बोलायला नको होतं. अक्कांनी मोबाइल नानांपुढे धरला. 'नाना, भांडन आपल्या जागी. दुरुस्त तुमी केलं. कोड तुमचा.' नानांनी आकडे पाहिले, खिशातला खडू काढून हातोडीच्या दांड्यावर लिहिले आणि फोनवरचा निरोप पुसून टाकायला सांगितला. अक्कांनी तो पुसला. या दोघांचं एवढं एकमत त्या गल्लीने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी नानांच्या मागे गिरणीपर्यंत गेलो.

'नाना, तो कोड मला द्यावा लागतो.'

'तुमच्या कागदावर काय लिव्हेल हाये?'

'मोटर बदलणे.'

'बदलली?'

'नाही.'

'मंग मोटर आनून द्या, कोड घेऊन जा. दयन झाल्याबिगर मी कोन्हाले डबा देत नाई.'

सुपडू हसला. परतीच्या वाटेवर फैजपूर येईपर्यंत तो अधूनमधून हसतच होता.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी अक्कांचा फोन आला. एकही मांडा फाटला नाही. विहीणबाईंनी दोन खाल्ले आणि तिसरा बांधून मागितला. शेवटचा मांडा जावयाच्या हाती गिरणीत पाठवला. अक्का स्वतः गेल्या नाहीत. जावयाने निरोप आणला की नाना म्हणतात, बरा झाला, यंदा पाणी बेताचं आहे.

इकडे ओळ लाल झाली. कुलूप लावायचा धीर मला होईना. कंपनीतून एका मुलीने अक्कांना फोन केला. तो संवाद मला नंतर साहेबांनी वाचून दाखवला, त्याच मृदू आवाजात. मॅडम, आपलं यंत्र चालू आहे का? हाव. आपण समाधानी आहात का? हाव, लई. मग हॅपी कोड सांगता का? कोड नानाजोळ हाये. नाना आपले कोण? कोन्ही नाई, आमचं भांडन हाये.

'हे काय प्रकरण आहे?' साहेबांनी विचारलं. मी 'व्होल्टेज' म्हणालो. ते पटलं.

मोटर पोळ्याच्या सुमारास आली. मी स्वतः खोकं घेऊन सावद्याला गेलो. नानांनी ती हातात घेऊन फिरवली, अक्कांच्या घरघंटीशेजारी ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मोटर दुसऱ्याच मॉडेलची होती. त्यांनी खोकं बंद करून दोरीने नीट बांधून दिलं.

दिवाळीत मी निवृत्त झालो. शाल मिळाली, ही दुसरी. माझ्या जागी आलेल्या गृहस्थांनी संगणकावरची एकमेव लाल ओळ दाखवून विचारलं, हिचं काय करायचं? तेव्हा मी मनाशी हिशेब केला. इतक्या वर्षांत किती घरांतली यंत्रं बंद होती आणि माझ्या लेखी चालू झाली, ते मला सांगता येणार नाही. नावं तर नाहीच. कुलपं लावली ती दारंही मी पाहिली नाहीत. ही एक घरघंटी रोज दळते आहे आणि कंपनीच्या लेखी बंद आहे. माझ्या काळात झालेली तेवढीच दुरुस्ती मला डोळ्यांनी पाहता आली, आणि तीही मी केलेली नाही.

'तिचा कोड सावद्याला आहे,' मी त्यांना म्हणालो. 'जाऊन मागून पाहा. जाताना बरोबर मोटर न्या.'

ते अजून गेलेले नाहीत. दरवाजाला कुलूप होतं, असं म्हणतात.